आबासाहेबांच्या अकरा सह्या

"या सह्या आबांच्या नाहीत, काका," रितिका म्हणाली आणि अकरा पत्रांची फाइल तिनं टेबलावरून हळूच सुमंतरावांकडे सरकवली. सुमंतराव हसले. बाहत्तराव्या वर्षी माणूस आधी हसून घेतो, ऐकलेलं मागाहून आत उतरतं. रितिका ही आबासाहेब खडतकरांची नात. आबासाहेब एके काळी राज्याचे मंत्री होते. त्यांच्या जन्मशताब्दीसाठी सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात तिनं त्यांच्या पत्रांचं, चष्म्याचं, काठीचं छोटंसं प्रदर्शन मांडायला घेतलं होतं. नागपुरात जुन्या पुढाऱ्यांची सहीची पत्रं म्हटलं की कोणीही सुमंत देवपुजाऱ्यांचंच नाव सांगणार, म्हणून ती त्यांच्या घरी येऊन मोठ्या अदबीनं ही फाइल घेऊन गेली होती. आता त्या सभागृहातच तिनं आपल्या घरातलं एक पत्र शेजारी ठेवलं. "हे बघा ना. आबा डावखुरे होते. सही अशी मागे झोपायची त्यांची, आणि शेवटची दोन अक्षरं तर यायचीच नाहीत, नुसती रेघ. तुमच्या पत्रांत प्रत्येक अक्षर पूर्ण आहे. वरची रेघसुद्धा सरळ. आबांना एवढा वेळ कुठला हो!" मग काका दुखावले असतील असं वाटून ती घाईनं म्हणाली, "टेन्शन नका घेऊ. तुमची बाकीच्यांची पत्रं एकदम ओरिजिनल असतील. या सह्या स्टाफपैकी कोणीतरी केल्या असणार. तेव्हा चालायचं म्हणे तसं."

सुमंतरावांनी चष्मा पुसला आणि पाहिलं. खरं सांगायचं तर ती सही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. चव्वेचाळीस वर्षं पत्रं त्यांच्याकडे होती, हजारदा हातात घेतलेली होती, पण हातात घेतलं की त्यांचं बोट जायचं ते कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे. तिथं टाइपरायटरच्या बारीक अक्षरांत 'आख/चाठ' असं असायचं. सरकारी पत्राची ती रीतच: तिरक्या रेघेच्या अलीकडे पत्र ज्याचं त्याची आद्याक्षरं, पलीकडे टाइप करणाऱ्याची. चाठ म्हणजे चारुलता ठोंबरे. त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवायचं, आणि मग कागद घडी करून ठेवायचा. उजवीकडे ऐसपैस पसरलेली निळी सही मंत्र्याची, तिच्याशी त्यांना काय करायचं होतं? आणि आता त्या सहीतला 'ख' त्यांच्याकडे पाहत होता. दोन भाग एकमेकांना न टेकवता काढलेला 'ख'. तो त्यांनी ओळखला. तीन हिवाळे त्यांनी तो मुद्रितांच्या समासात पाहिला होता, 'येथे खूण करावी', 'पुन्हा दाखवावे' अशा तिच्या शेऱ्यांमध्ये. सरकारी मुद्रणालयात मुद्रितशोधक म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस, पानावर उलटा पडलेला स्वल्पविराम दहा हातांवरून ओळखणारा, आणि त्याला एवढं दिसलं नव्हतं. त्यांचे कान गरम झाले. "बरं झालं सांगितलंस," ते रितिकाला म्हणाले, आणि फाइल पोटाशी धरून बाहेर आले.

बाहेर डिसेंबरचं ऊन होतं आणि अधिवेशनाची धांदल. रस्त्यावर कठडे, कठड्यांशी पेंगणारे पोलीस, मुंबईच्या पाट्यांच्या गाड्या. दर हिवाळ्यात सरकार पंधरा दिवस नागपूरला येतं आणि शहर आपलंच घर पाहुण्याला दिल्यासारखं अंग चोरून राहतं. सुमंतरावांना हे दिवस फार आवडायचे. तेव्हाही, आताही. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस. दुपारपर्यंत छापखान्यात विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांचे खिळे जुळायचे, संध्याकाळी ओली मुद्रितं पिशवीत घालून ते सायकलनं आबासाहेबांच्या बंगल्यावर जायचे. बंगल्याच्या व्हरांड्यात चंद्रभान नावाचा शिपाई बसायचा. मुद्रितं घ्यायची ती त्यानं, आत न्यायची ती त्यानं, तपासून आलेली परत आणून द्यायची तीही त्यानंच. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं असायचं, त्यातून एक टाइपरायटर, एक हिरवा स्वेटर आणि मानेवरचा सैल अंबाडा एवढं दिसायचं. नाव त्यांना चंद्रभानकडूनच कळलं. नागपूरच्याच एका खात्यातली मुलगी, अधिवेशनापुरती इकडे पाठवलेली. वीस-पंचवीस मिनिटं ते व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे आणि टाइपरायटर ऐकायचे. तो थांबला की ती शेरे लिहीत असणार, हे त्यांना कळायचं. मग मुद्रितं यायची, समासात ते दोन तुकड्यांचे 'ख' यायचे, आणि सुमंत देवपुजारी सायकलवर बसून प्रेसकडे निघायचा तेव्हा त्याला थंडी वाजायची नाही. याला प्रेम म्हणायचं की नाही हे त्यानं कोणाला विचारलं नाही. स्वतःला मात्र त्यानं तेव्हाच सांगून टाकलं होतं की हो, म्हणायचं.

पहिलं पत्र त्यांनी दिव्याबद्दल लिहिलं. ती सात वाजता सायकलनं धरमपेठेकडे जायची, महाराजबागेच्या मागच्या रस्त्यानं, आणि तिथला तिसरा दिवा आठ दिवस बंद होता. मंत्र्याकडे जाणारं प्रत्येक पत्र तिच्या टेबलावरून जातं हे चंद्रभाननं गप्पांच्या ओघात सांगितलेलं. पण सरकारी नोकरानं थेट मंत्र्याला पत्र लिहायचं नाही, तसा वर्तणूक नियम. सुमंत देवपुजारी नियमाबाहेर पाऊल टाकणाऱ्यांतला नव्हता. मग त्यानं ज्यांच्याकडे तो राहत होता त्या मामांचं नाव घातलं. दत्तोपंत कोलारकर, वय सत्तर, निवृत्त शिक्षक, यांना असा अर्ज करायला कोणाची बंदी? 'सायंकाळी घरी परतणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांची गैरसोय होत आहे,' असं त्यानं त्यात लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले. योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.' आणि कोपऱ्यात 'आख/चाठ'. तिच्या बोटांनी उठवलेली अक्षरं त्याच्या घरात आली होती. त्यानंतर रस्त्यावर वाकलेली फांदी, नाल्याचा फुटलेला कठडा, मधोमध बसणारी जनावरं, पुन्हा दिवा. तिच्या वाटेत जे जे आडवं येईल ते ते दत्तोपंतांना खुपू लागलं. तीन हिवाळ्यांत अकरा पत्रं गेली आणि अकरा उत्तरं आली. बारावं त्यानं लिहिलं नाही. चौथ्या हिवाळ्यात त्या खोलीत दुसरंच कोणी बसलेलं होतं.

आता हे अकरा कागद घरात ठेवायचे कसे? बायको येणार होती, मग मुलं. त्यावर सुमंतरावांनी शोधलेला उपाय त्यांच्या स्वभावाला शोभणारा होता: लपवायचं असेल तर गर्दीत लपवावं. त्यांनी पुढाऱ्यांची सहीची पत्रं जमवायला सुरुवात केली. जुने आमदार, खासदार, मध्यप्रांताच्या काळातले मंत्री, नगराध्यक्ष. कोणी वारलं की त्यांच्या घरी जायचं, रद्दीवाल्यांशी सलगी करायची, भिवापूर-पारशिवनीपर्यंत हिंडायचं. साडेचारशे पत्रं झाली. वर्तमानपत्रात दोनदा नाव आलं. लोक म्हणायचे, काय व्यासंग आहे! आणि हा व्यासंग अकरा कागदांवर पांघरूण म्हणून घातलेला होता, हे एकट्या सुमंतरावांना माहीत होतं. निदान त्यांचा तसा समज होता. त्यांच्या पत्नी, यमुताई, दर दिवाळीला सगळ्या फायली ऊन दाखवून डांबरगोळ्या घालून ठेवायच्या. खडतकरांची फाइल मात्र त्या उघडायच्या नाहीत. "ती तुमची तुम्ही ठेवा," म्हणायच्या, आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. आज महाराजबागेच्या मागच्या रस्त्यानं चालताना सुमंतरावांना ते वाक्य ऐकू आलं आणि त्यांना यमुताईंची लाज वाटली, आणि यमुताईंची आठवणही फार आली. त्या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या काढता येईनात.

पण त्या लाजेखाली एक दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि त्याला थोपवणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवलं होतं. कोपऱ्यातली ती दोन अक्षरं तर यंत्राची होती. तिच्या हाताचं, शाईचं, मनगट कागदाला टेकवून लिहिलेलं, ते उजवीकडे होतं, भलंमोठं, अकरा वेळा. ती आपल्याला लिहीत होती का? दत्तोपंतांच्या मागे कोण आहे हे तिला कळलं होतं का? की शेकडो अर्जदारांसारखा हाही एक, म्हणून खाली दुसऱ्याचं नाव ओढून टाकलं? हे कळल्याशिवाय मरायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे त्यांनी कधीचंच ठरवलेलं होतं. ती कुठे आहे हे शोधावं लागणार नव्हतं. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या एका माणसाशी तिचं लग्न झालं होतं. वसाहत सोडल्यावर त्यांनी तिथंच घर बांधलं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा वारल्याची बातमी सुमंतरावांनी वर्तमानपत्रात पत्त्यासकट वाचली होती आणि तो पत्ता त्यांना तोंडपाठ होता. तासाभराच्या वाटेवरचं गाव, आणि ते त्या दिशेला कधी फिरकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सीताबर्डीवरून बस धरली. मांडीवर फाइल. खिडकीतून धुरांडी दिसू लागली तशी त्यांना उतरून परत जावंसं वाटलं. काय म्हणायचं? प्रदर्शन आहे, सह्यांची खातरजमा करायची आहे. हे ठीक होतं, हे सरकारी होतं. आपण सदरा इस्त्रीचा घातलाय हे त्यांनी तिसऱ्यांदा पाहिलं. मग स्वतःवरच चिडले. माणूस बाहत्तर वर्षांचा होतो, गुडघे दुखतात, दात काढून पेल्यात ठेवावे लागतात, आणि हे असलं काहीतरी आत जसंच्या तसं राहतं, त्याला कोणी म्हातारं करत नाही, याचा त्यांना रागच आला.

दार सुनेनं उघडलं. "आई, नागपूरवरून कोणी आले तुमच्याकडे," असं आत सांगून वैभवी त्यांना पाणी देऊन गेली. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि काठी टेकत ज्या बाई आल्या त्या जाड भिंगांच्या चष्म्याच्या, रुंद चेहऱ्याच्या, कोणाच्याही आजी असाव्यात तशा होत्या. सुमंतरावांनी अंबाडा शोधला. पांढरा, पण तसाच सैल. त्यांनी आपलं नाव सांगितलं, प्रेसचं सांगितलं, प्रदर्शनाचं सांगितलं.

"प्रेसवाले!" चारुलताबाई म्हणाल्या. "बाकावर बसून राहत होते तुम्ही. पिशवी मांडीवर घेऊन." आवाज भरड होता, मोकळा, हसरा. सुमंतरावांनी इतकी वर्षं मनात धरलेला आवाज बारीक होता. तो त्यांनी आपल्या मनानंच बनवला होता हे त्यांना आत्ता कळलं. "ओळखलंत?" ते म्हणाले. "ओळखीन नाही तर काय? तीन वर्षं दारातून पायलं तुम्हाले." बाईंनी फाइल पुढे ओढली, पहिलं पत्र भिंगाजवळ नेलं आणि मोठ्यानं हसल्या. "हे तर माह्या हातचं आहे जी! साहेब कुठी बसत होते सह्या कराले? पीए म्हणे, ठोंबरे, तूच मार. दिवसाच्या दीडदोनशे सह्या मारत होती मी. पुढं पुढं तं माहीच सही विसरली." दुसरं पत्र, तिसरं. हसू कमी होत गेलं. नाव वाचलं त्यांनी. "दत्तोपंत कोलारकर," त्या सावकाश म्हणाल्या. "ही तुम्हाले कुठी भेटली?"

"जमवतो मी. सहीची पत्रं." हे खोटं नव्हतं, पण सुमंतरावांना ते तोंडातून काढताना जड गेलं.

चारुलताबाई उरलेली पत्रं एकेक करून चाळत राहिल्या. मग आत वैभवी नळ सोडून भांडी घासायला बसली तशा खालच्या आवाजात बोलू लागल्या. "आता काय लपवाचं, नवरा गेला, मी सत्तरची झाली. तुम्ही प्रेसचे, तुम्हाले आमच्या ऑफिसची रीत माहीत नसन. एका अर्जदाराले एकच उत्तर जाते. त्याच माणसाचं दुसरं पत्र आलं का दप्तरी दाखल, खलास. मी याले अकरा उत्तरं पाठवली." त्यांनी फाइलवर हात ठेवला. "काहून, माहीत आहे? माह्याच रस्त्याचा दिवा. माह्याच रस्त्यातली फांदी. मी फांदीखालून वाकून गेली का आठ दिवसांत पत्र हजर. एवढं न समजाले मी काही लहान नव्हती. कोणीतरी पाहून राहिलं, कोणाले तरी माही काळजी आहे. घरी कोणी एवढं पाहत नव्हतं. मंग मी पण थोडं थोडं लिहत गेली. हे पाहा." त्यांनी पाचवं पत्र काढलं. 'आपणाकडून यापुढेही अशाच सूचना याव्यात, ही अपेक्षा.' सातवं. 'दिवा सुरू झाला अथवा नाही, हे आवर्जून कळवावे.' सुमंतरावांना ही वाक्यं पाठ होती. पाठ होती आणि कधी ऐकू आली नव्हती. त्यांनी ती तपासली होती, शुद्धलेखनाची एकही चूक नाही म्हणून खूश झाले होते.

"आणि हे शेवटचं," त्या म्हणाल्या. 'सदर बाबतीत आपण समक्ष भेटून खुलासा केल्यास उचित होईल.' "चार दिवस विचार करून लिहलं हे. दुसरं कसं लिहाचं तेच येत नव्हतं. त्या मशीनवर हीच भाषा निघे."

सुमंतरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. हेच पत्र. समक्ष खुलासा! सरकारी नोकराच्या आयुष्यात याहून भयंकर दोन शब्द नाहीत. ते वाचून ते दोन रात्री झोपले नव्हते. कोणीतरी ओळखलं, दुसऱ्याच्या नावानं मंत्र्याला लिहिल्याचं उघडकीला आलं, आता विचारणा, आता निलंबन. त्यांनी मामांना सगळं कबूल केलं होतं, फक्त मुलीचं सोडून.

"मंग कोणी आलंच नाही," चारुलताबाई म्हणाल्या. "अधिवेशन संपाले आलं. मीच गेली शेवटी. एका रविवारी, अकरा वाजता, पत्ता होताच. आता हसा तुम्ही, पण मले वाटे का ते तुम्ही असान. बाकावरचे. नाव दुसरं, म्हणून वाटे खोटं नाव घेतलं असन. मनाशी म्हटलं, दार तुम्ही उघडलं तं बसाचं. चहा दिला तं घ्याचा. पुढचं पुढं." त्यांनी काठीची मूठ या हातातून त्या हातात घेतली. "एका म्हाताऱ्यानं उघडलं. धोतर, कानात भिकबाळी. म्हटलं, दत्तोपंत कोलारकर कोण? म्हणे मीच. पत्रं कोण लिहते? म्हणे मीच लिहतो, मीच टाकतो, काय असन ते माह्यावर. मले दारातूनच परत लावलं जी. रस्ताभर हसली मी. सत्तर वर्षांच्या बुढ्यासाठी अकरा पत्रं! मंग घरी जाऊन रडली. जानेवारीत हे स्थळ आलं, हो म्हटलं. चांगला होता माणूस, काही वाईट नाही केलं त्यानं माह्यं."

आत वैभवीनं नळ बंद केला. सुमंतरावांना मामा दिसत होते, दार लावून घेऊन विजयी मुद्रेनं आत आलेले. 'ऑफिसातून चौकशीला बाई पाठवली होती. मी सगळं अंगावर घेतलं. आता हा उद्योग बंद कर,' असं म्हणून पाठीवर हात ठेवणारे मामा. बिचाऱ्यांनी भाच्याची नोकरी वाचवली होती. मरेपर्यंत त्यांना त्याचा अभिमान होता.

आता उठावं, आभार मानावेत, खातरजमा झाली म्हणावं आणि जावं, असं सुमंतरावांना वाटलं. या बाईंची एक जुनी गंमत आहे, ती गंमत म्हणूनच राहू द्यावी. मोडून काय मिळणार आता, दोघांनाही? पण गेली चव्वेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी फाइल मिटली.

"ते माझे मामा होते," ते म्हणाले. "पत्रं मी लिहायचो."

चारुलताबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसावं, तरी त्या त्यांच्याकडेच पाहत राहिल्या. "अन् त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी कुठी होते तुम्ही?"

"आत. दाराच्या मागच्या खोलीत. श्वास रोखून उभा होतो. मला वाटलं, माझी चौकशी करायला आलंय कोणी."

"मी बोलली तिथं. चांगली पाच मिनिटं बोलली. आवाज नाही ओळखला माह्या?"

"कसा ओळखणार?" सुमंतराव म्हणाले. "आपण कधी बोललोच नव्हतो. आधी कधी ऐकलाच नव्हता मी तो."

त्यांनी फाइल उचलली आणि घड्याळ पाहिलं. पाचची बस गाठायला उठायला हवं होतं. चारुलताबाईंनी फाइलच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवला आणि तो उचलला नाही.

"जाऊ द्या ते पाचची," त्या म्हणाल्या. "सहाले आहे आणखी एक. बसा."